लोझान इंजिनियरचा पासवर्ड

लोझान काल्चेवला बाल्कन डोंगराखालच्या त्या गावात सगळे 'इंजिनियर' म्हणत. तसं म्हटलं नाही तर तो ओ देत नसे. वाचनगृहाचे संगणक सांभाळणं एवढंच त्याचं काम, पण रुबाब मंत्र्याचा.

वाचनगृहातल्या जुन्या संगणकावर दुसरं काही चालेना म्हणून लिनक्स नावाची फुकटची यंत्रणा बसवली होती. डिस्कचे दोन भाग केले होते. एकावर यंत्रणा, दुसऱ्यावर गावातल्या बायकांची चाळीस वर्षं जमवलेली ध्वनिमुद्रित गाणी. दुसरा भाग उघडायला गेलं की पडद्यावर चौकट यायची : प्रशासकाचा पासवर्ड द्या. तो ठाऊक होता एकट्या लोझानला.

रोज दहा वाजता तो वरच्या खोलीतून जिना उतरून यायचा आणि म्हणायचा, "तोंडं भिंतीकडे करा."

तालमीला जमलेल्या, सत्तरी गाठलेल्या गायिका भिंतीकडे वळायच्या. हा बाह्या सारून पियानो वाजवल्यासारखी बोटं चालवायचा. मग दोन्काने घरून आणलेली, चीज भरून भाजलेली बानित्सा खायचा. बानित्सा नसेल त्या दिवशी त्याला जिना उतरायला दुपार व्हायची.

दोन्का गायिकांची म्होरकी. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली. तिने एकदा विचारलंच, "इंजिनियर, हा भाग पासवर्डाशिवाय उघडेल असं काही करता येत नाही का हो?"

"येतं की. उद्या कोणी चोरून नेलं मग?"

"काय, याना आजीचं कापणीचं गाणं? अहो, न्या म्हटलं तरी कोणी नेत नाही!"

बायका हसल्या. लोझानला ते इतकं झोंबलं, की त्याने त्याच दुपारी पासवर्ड बदलून चोवीस अक्षरांचा केला.

दुसऱ्या दिवशी गायिकांतल्या दिवंगत याना आजीच्या पहिल्या स्मृतिदिनाची सभा होती. तिचा आवाज ऐकायला तिची मुलगी प्लोव्हदिव शहराहून आली होती. महापौर पहिल्या रांगेत. लोझान नवा टाय लावून पुढे आला आणि महापौरांसकट अख्ख्या सभेला म्हणाला, "तोंडं भिंतीकडे करा."

सभा वळली. बटणं वाजली. पासवर्ड चुकला. पुन्हा वाजली, पुन्हा चुकला. सहाव्या खेपेला टाय सैल झाला. पाठमोऱ्या महापौरांनी विचारलं, "वळू का आता? मान अवघडली."

"यंत्रणेत बिघाड आहे," लोझान म्हणाला. कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला होता.

"सरका जरा," दोन्का म्हणाली. पर्समधून तिने पेनड्राइव्ह काढला, नातीने लिनक्स भरून दिलेला. संगणक बंद करून तिने तो त्या पेनड्राइव्हवरून सुरू केला, डिस्कच्या दुसऱ्या भागावर क्लिक केलं आणि तो उघडला. पेनड्राइव्हवरच्या यंत्रणेला लोझानचा पासवर्ड ठाऊकच नव्हता, त्यामुळे त्याचं नावसुद्धा निघालं नाही.

"हा गुन्हा आहे!" लोझान ओरडला.

"बसा हो खाली," महापौर म्हणाले.

याना आजी गायला लागली. मधेच ती खोकली, कोणाला तरी "कोंबड्या हाकल गं" म्हणाली आणि पुन्हा गायला लागली. ते ऐकून मुलीने तोंडाला रुमाल लावला. कोंबड्या हाकलणारी तीच होती.

सभा पांगल्यावर दोन्काने आणखी एक उद्योग केला. संगणक सुरू होताना डिस्कचे भाग कसे जोडायचे याची यादी एका फाइलमध्ये असते. पेनड्राइव्हवरूनच ती फाइल उघडून तिने एक ओळ घातली आणि ओळीत 'यूजर' हा एक शब्द. आता कोणीही साधा माणूस तो भाग पासवर्डाशिवाय उघडू शकत होता.

आठवडाभर लोझानला कोणी हाक मारली नाही. दहा वाजता तो जिन्यावर उभा राहायचा. खालून गाणी ऐकू यायची, बानित्साचा वास यायचा. आठव्या दिवशी तो खाली आला आणि पुटपुटला, "दोन्काताई, ती ओळ... कशी लिहिलीत?"

तिने कागदावर लिहून दिली. त्याने घडी घालून खिशात ठेवली.

महिनाभरात पालिकेकडे त्याचा सात पानी अहवाल गेला : 'प्रशासकीय पासवर्डाविना डिस्क-जोडणीची सुलभ पद्धत. संकल्पना व अंमलबजावणी : इं. लोझान काल्चेव.' पालिकेने त्याला प्रशस्तिपत्र दिलं. समारंभात गायला दोन्काच्याच गायिकांना बोलावलं.

"जायचं का गं?" एकीने विचारलं.

"जाऊ या की," दोन्का म्हणाली. "जेवण पालिकेचं आहे."

त्या गेल्या, पोटभर जेवल्या, आणि गाणं निवडलं ते दुसऱ्याच्या परसातली कोंबडी पळवणाऱ्या जावयाचं. लोझान पहिल्या रांगेत बसून ताल धरत होता.