क गटाचं कलम

जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीतला कॉम्प्युटर दुरुस्तीला आला की मी आधी त्याचा पंखा उघडतो. आत हमखास कापसाचा पुंजका! तो कोणी मुद्दाम भरत नाही, आपोआप साचतो. आमच्या चौघांचे किस्सेही तसेच साचले. परवा कुणीतरी विचारलं, "तुम्ही लोक त्या दुकानात करत काय होते हो?" मी झाकण उघडलं आणि हे सगळं निघालं.

दुकान माझं, यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाताना, एमआयडीसीच्या अलीकडे. त्या वर्षांत कापसाची अशी गत होती की एमआयडीसीतली निम्मी शटरं खाली आणि माझं गिऱ्हाईक अर्ध्यावर. मग रिकाम्या दुपारी आम्ही रॅली खेळायचो. कॉम्प्युटरवरची, इंटरनेटवरची! जंगलातला कच्चा रस्ता, त्याला म्हणायचं स्टेज, एका वेळी एकच गाडी, आणि घड्याळ. ज्याचा वेळ कमी तो जिंकला. देशभरातल्या पोरांची एक लीग होती, तिच्यात आम्ही घुसलो होतो.

आम्ही म्हणजे मी, मेश्राम सर, हायस्कुलात गणित शिकवणारे, सुनील राठोड, मारेगाव रोडवर सवाऱ्यांची काळी-पिवळी जीप चालवणारा, आणि गजानन.

गजाननला मी पहिल्यांदा हा खेळ दाखवला तेव्हा तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "अबे, हे तं शंकरपट हाय!" आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. तिथेही जोडी घड्याळाविरुद्ध पळते. गजानन पटातला नावाजलेला धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा. मग जिनिंगमधल्या मशीनच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. एका हाताने कासरा धरून जोडी पळत नाही, त्यामुळे पट संपला. आता तो त्याच जिनिंगच्या गेटवर बसतो. पण गेटमधून कापसाच्या गाड्याच येईनात, म्हणून दुपारी माझ्याकडे.

त्याने की-बोर्ड डावीकडे ओढला, बाणांच्या बटणांवर डावा हात ठेवला, करंगळीने हँडब्रेक लावला आणि पहिल्याच आठवड्यात आम्हा तिघांना धूळ चारली. गिअर बदलायला तेवढं बोट उरत नव्हतं, म्हणून गाडी ऑटोमॅटिकवर. मी आ वासून पाहत राहिलो!

*

राठोडची गोष्ट वेगळी. आम्हाला वाटलं, हा तर खराखुरा ड्रायव्हर, हा आम्हाला पाणी पाजणार. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "हॉर्न कुठं हाय?"

"रॅलीत हॉर्न नसतो रे."

"मंग मोडीवर, वळणावर काय तोंडानं ओरडू?"

बरं, निघाला. गाडी छान पळवत होता, आणि मध्येच हळू केली. पुन्हा पळवली, पुन्हा हळू! सरांनी घड्याळ पाहून डोक्याला हात लावला. "राठोड, काहून थांबून राह्यला बाबा?"

रस्त्याच्या कडेला शर्यत पाहणारे लोक उभे असतात ना, खेळात काढलेले, ते राठोडने दाखवले. "सर, सवाऱ्या हायेत ना!"

त्या रॅलीत तो शेवटून पहिला आला. तरी म्हणाला, कोणालाच घेतलं नाही म्हणून जिवाला लागून राहिलं.

*

त्या वर्षांत यवतमाळात कॅमेरेवाले फार. दिल्लीहून, मुंबईहून, कुठून कुठून यायचे आणि दुःखी चेहरा शोधत फिरायचे. एक बाई अशाच माझ्या दुकानात कॅमेऱ्याची वायर जोडून घ्यायला आल्या. आत गजानन खेळत होता. त्यांनी त्याची बाही पाहिली. ती नेहमी लांब, टोक आत दुमडलेलं. त्यांच्या डोळ्यांत लगेच पाणी!

"भैया, आपका हाथ... थोडा बताइए ना. कॅमेरा चालू है."

गजाननने मान वळवली नाही. "मॅडम, जरा बाजूला सरका. तुमची सावली पडून राह्यली, मोड दिसत नाही."

मला वाटलं, बाई चिडतील. त्या बिचाऱ्या खरंच सरकल्या! स्टेज संपली तशी त्यांनी पुन्हा विचारलं. गजानन म्हणाला, "हात गेला तो गेला. टाइम कसा आला ते विचारा ना!"

बाईंना टाइममध्ये रस नव्हता. त्या गेल्यावर गजाननने आम्हाला बजावलं, "ऐका बे. लीगमध्ये माह्या हाताचं नाव कोणी काढलं, तं मी त्या दिवसापासून खेळत नाही. पटात मले कोणी सूट देल्ली नाही, इथंही नको." तो खेळतो म्हटल्यावर खेळणारा आणि नाही म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस, त्यामुळे लीगमध्ये आम्ही तो विषय काढलाच नाही.

*

आणि नेमका पुढच्याच सीझनला घोळ झाला. लीगने जाहीर केलं, गाड्यांचे गट नव्याने ठरवायचे आहेत, सगळ्यांनी प्रस्ताव पाठवा. तिकडे एक पोरगा होता, मोठ्या शहरातला, स्टिअरिंग-पेडल सगळं घरी असलेला. नाव लावायचा 'हँडब्रेक'. त्याचा प्रस्ताव पहिला आला: सगळ्या गटांत गिअर हातानेच टाकायचे, ऑटोमॅटिक बंद!

मी वाचून दाखवलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. हे पास झालं तर गजानन घरी. पट गेलाच होता, आता हेही गेलं असतं. आणि कारण सांगायची सोय नाही!

गजानन मात्र थंड. "मंग आपुन आपला प्रस्ताव पाठवू. गट पाडाचं काम मले सांगा. जल्म गेला पटात."

बसले दोघं. गजानन सांगणार, सर इंग्रजीत लिहिणार. पटाला असतात तसे तीन गट: अ गटात चारही चाकं ओढणाऱ्या दांडग्या गाड्या, ब गटात मागची चाकं ओढणाऱ्या, क गटात छोट्या इंजिनच्या, पुढच्या चाकांच्या. क गटात गिअर कसेही टाका, कारण तो की-बोर्डवाल्यांचा गट. वा! हातच न लावता सोडवलं, असं मला वाटलं.

पण गजानन थांबेना आणि सर खडू हातात घेतल्यासारखे लिहीत सुटले. प्रस्ताव पाठवून झाल्यावर मी वाचला तर सातवं कलम: 'चालकाने वाहनास तुतारी टोचू नये.'

"सर!!! हे काय?"

तुतारी म्हणजे बैलाला टोचायची खिळा लावलेली काठी. सर चष्मा वर करत म्हणाले, "तो बोलला, म्या लिहिलं. ओघात होऊन गेलं."

"पटात हाच रूल सगळ्यात महत्त्वाचा असते," गजाननने ठणकावून सांगितलं.

आता सगळी लीग हसणार, प्रस्ताव कचऱ्यात जाणार, म्हणून मी कपाळ धरून बसलो. दुसऱ्या दिवशी भीत भीत उघडलं तर तिथे गंभीर चर्चा! एक म्हणतोय, गाडीला बाहेरून टोचणं म्हणजे चोरटं सॉफ्टवेअर लावून पळवणं, फार दूरदृष्टीचा नियम आहे. दुसरा म्हणतोय, असं स्पष्ट आधी कोणी लिहिलंच नव्हतं. सातवं कलम सगळ्यांत आधी पास झालं.

गजानन म्हणाला, "पाह्य! शिकेल लोकं हायेत."

*

क गटावर मात्र हँडब्रेक अडून बसला. की-बोर्डवर ऑटोमॅटिक म्हणजे दोघं मिळून खेळणार, एक वळवणार, एक ब्रेक दाबणार, हे कोण रोखणार? मुद्दा बरोबर होता. मतं अर्धी-अर्धी झाली.

मग मेश्राम सरांनी एक कलम वाढवलं. सर परीक्षेला वर्गात शिरले की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दोन्ही हात बेंचवर!" त्याच सवयीने लिहिलं: 'क गटात संशय आल्यास खेळाडूने स्टेज पुन्हा चालवून व्हिडिओ द्यावा. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन्ही हात स्पष्ट दिसले पाहिजेत.'

हँडब्रेक खूश, लीग खूश, क गट पास! राठोडने जीपचा हॉर्न दाबून धरला, आम्ही चहा सांगितला. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की सरांनी काय लिहून ठेवलंय. गजाननला आम्ही इतका पुरा माणूस समजत होतो की आठवलंच नाही!

*

सीझन सुरू झाला तो ऐन भारनियमनात. क गटाची फेरी दुपारची आणि लाइट दुपारीच जायची. एकदा तर इन्व्हर्टरही बसला. गजानन स्टेजच्या तोंडाशी, आणि यूपीएस कुईं कुईं करतोय!

तेवढ्यात राठोडची जीप दारात. माणसांनी गच्च भरलेली, मारेगावला निघालेली. मी काही म्हणायच्या आत त्याने बॉनेट उघडलं, जीपच्या बॅटरीवरून वायरी आत आणून इन्व्हर्टरला चिकटवल्या आणि इंजिन रेस करून ठेवलं. "चालव गजानन!"

आणि सवाऱ्या? त्या भांडतील असं मला वाटलं. त्या उतरून दुकानात घुसल्या! दारात, काउंटरवर, माणसावर माणूस. एक म्हातारी पिशवी छातीशी धरून सगळ्यांत पुढे.

"बाप्पा बाप्पा! अरे दरी हाय ना पुढं! आवर ना रे पोरा!"

गजाननने आवरली नाही. गाडी दरीच्या कडेने अशी गेली की म्हातारीने डोळे मिटले. स्टेज संपली, वेळ पडद्यावर आला आणि राठोडच्या तोंडून त्याची बंजाऱ्यांची गोरबोलीच निघाली, "याडीऽ!" म्हणजे आई गं! क गटात पहिला! देशभरातल्या पोरांत पहिला!

म्हातारीने गजाननच्या डोक्यावर हात फिरवला आणि राठोडला म्हणाली, "तू अशी नको चालवू हं." मग सगळे जीपमध्ये बसून मारेगावला गेले.

*

दुसऱ्या दिवशी हँडब्रेकची तक्रार आली. ऑटोमॅटिकवर हा वेळ शक्यच नाही, दोघं मिळून खेळलेत, कलम लावा, दोन्ही हात दाखवा.

दोन्ही हात!

मी मोठ्याने वाचून दाखवलं. तिघंही सरांकडे पाहायला लागलो. सरांचा चेहरा पांढराफटक. "म्या लिहिलं," ते एवढंच म्हणाले. मग घाईघाईने, "मी कलम मागं घेतो. आत्ता लिहितो त्याईले."

"कायले?" गजानन म्हणाला. "रूल म्हंजे रूल. लाव कॅमेरा."

"अबे, पण तू सांगतलं होतं ना..."

"म्या सांगतलं होतं तुम्ही सांगू नका. लाव."

मी वेबकॅम लावला. त्याने दातांनी बाही वर ओढली आणि उजवं मनगट टेबलावर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. डावा हात बाणांवर. राठोड जीप पाहून येतो म्हणून बाहेर गेला. जीपला काही झालेलं नव्हतं.

गजाननने तीच स्टेज पुन्हा चालवली. आधीपेक्षा कमी वेळात!

व्हिडिओ चढवला. आमचं नेट कसलं, संध्याकाळपर्यंत चढतच होता. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. आता तिकडून कीव येणार, 'बिचारा' येणार, आणि हा उठून जाणार, कायमचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौघं जमलो. हँडब्रेकचं उत्तर आलं होतं: 'वेळ मान्य. गजानन पहिला.' बस. कीव नाही, काही नाही! सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

आणि खाली हँडब्रेकचाच नवा प्रस्ताव: 'पुढच्या सीझनपासून क गटात सगळ्यांनी एकाच हाताने चालवायचं. कोणता हात, ते ज्याचं त्याने ठरवावं.'

मी थक्क! खाली मतं पडत होती. हो, हो, हो, हो... पानभर हो! ज्यांची तोंडंही आम्ही कधी पाहिली नव्हती अशी पोरं हो म्हणत होती. राठोड डोळे पुसत म्हणाला, "याडीऽ, लोकं चांगले हायेत ना बे!" मीही हो टाकलं, सरांनी हो टाकलं.

आणि सगळ्यात खाली एक मत विरोधात.

माझं डोकंच फिरलं. "कोण आहे हा नालायक? इतक्या लोकांत एकटाच?" त्या मतावर माउस नेला आणि नाव उघडलं.

गजानन!

तिघंही मागे वळलो. तो मागच्या कॉम्प्युटरपुढे खुर्चीत रेलून कागदातला आलूबोंडा खात होता.

"अबे, काहून?"

"मंग दोन हातवाल्याईले हरवाची मजाच गेली ना!"