डाव्या नळीचं तोंड

आमच्या गावात दाढी करून घ्यायची म्हणजे ओनोफ्रेच्या डाव्या नळीचं कौतुक ऐकायचं. दोन्ही एकाच पैशात.

ओनोफ्रे फेरी हा आमचा न्हावी. त्याच्या आरशावर सासऱ्याची जुनी दुनळी बंदूक टांगलेली असे. तळ्यावर बदकांची शिकार सुरू झाली की ती खाली उतरायची. एरवी तिच्यावर भाषणं. "उजवी नळी चारचौघींसारखी," गिऱ्हाइकाच्या गालावर साबण फासत तो सांगायचा, "पण डावी! तिचं तोंड असं आवळलंय, की छर्रे मुठीसारखे एकजूट जातात. पलीकडच्या गावाचं बदक इथून पाडलंय मी." गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असायचा, त्यामुळे आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

हरकत घेतली मी. बंदुकीला नाही, शिशाला. आमच्या तळ्याच्या चिखलात आजोबा-पणजोबांपासूनचे शिशाचे छर्रे पडलेत. बदकं ते खडे समजून गिळतात आणि माना टाकतात. शाळा मी लवकर सोडली, पण मेलेलं बदक नगरपालिकेच्या टेबलावर ठेवून फाडायला शाळा लागत नाही. पोटातले छर्रे काढून मी नगराध्यक्षांच्या कॉफीच्या बशीत टाकले. टण, टण, टण. कित्येक हिवाळे भांडले, तेव्हा कुठे हुकूम निघाला: तळ्यावर शिसं बंद, पोलादी छर्रे वापरा. त्या दिवशी ओनोफ्रेनं माझ्या नवऱ्याची अर्धीच दाढी केली. म्हणाला, "उरलेली बायकोकडून करून घे. तिला कापाकापीची सवय आहे."

शिकारीचा पहिला दिवस जवळ आला. आमच्याकडे पाण्यात लाकडी पिंपं रोवतात आणि ज्यानं त्यानं आपापल्या पिंपात उभं राहून बार काढायचा. पिंप घराण्यात चालत येतं. ओनोफ्रेला ते सासऱ्याकडून मिळालं, बंदुकीसोबत, आणि फेर्मिनासोबत. क्रम त्याचा आहे, माझा नाही.

ही फेर्मिना, त्याची बायको, एका सकाळी ओल्या हातांनीच माझ्या दारात आली. "रेमेई, यानं सायकलवाल्याकडून चाकातले छर्रे आणलेत. घरी काडतुसं भरतोय."

मी एप्रनसकट सलूनमध्ये घुसले. खुर्चीत बेकरीवाला बास्तियान, तोंडभर साबण.

"ओनोफ्रे, काडतुसांत काय भरलंस?"

"पोलाद. तुमचाच हुकूम, बाईसाहेब."

"अरे, शिसं मऊ असतं, आवळलेल्या तोंडातून चेपून निघतं. पोलाद चेपत नाही. नळीचं तोंड फुगेल, नाहीतर फाटेल. आणि मागे तुझं थोबाड असेल!"

"तुला गं बंदुकीतलं काय कळतं?"

"हुकूम मागायच्या आधी वाचलंय मी. नुसती बोंब मारत नाही."

"आधी माझा गाल," बास्तियान साबणातून बोलला, "मग भांडा."

"ही बंदूक काहीही पचवते!" ओनोफ्रे गरजला.

"बंदूक माझ्या बापाची आहे," दारातून फेर्मिना म्हणाली. "तिला काय पचतं ते आता बंदूकवाला सांगेल. उतरव खाली."

आम्ही तिघं शहरात गेलो. बंदूकवाल्यानं पहिलं काडतूस उकललं, टेबलावर सांडलेल्या गोळ्या बघितल्या आणि विचारलं, "हे कुणी भरलं?"

"एका मित्रानं," ओनोफ्रे म्हणाला.

"मित्र जिवंत आहे?"

मग त्यानं झोडपायला घेतलं. छर्र्यांचं पोलाद मऊ केलेलं असतं, हे चाकातलं टणक. छर्र्यांभोवती प्लास्टिकची जाड वाटी लागते, नाहीतर नळी आतून ओरबाडते. शिशाच्या मापानं पोलाद भरायचं नसतं. घरी भरायचंच नसतं. कारखान्याची साधी, कमी जोराची काडतुसं घ्यायची, या बंदुकीत बसतील त्याच लांबीची. छर्रा शिशापेक्षा जाड निवडायचा, कारण पोलाद हलकं, लवकर दमतं. नळ्यांची जाडी त्यानं मोजली, नळ्या किती जोर सोसतात त्या चाचणीचे शिक्के भिंगातून वाचले. "नशीब आहे. उजवी चालेल. डावीचं तोंड मात्र निम्म्याहून जास्त सैल करावं लागेल."

"सैल?" ओनोफ्रेचा आवाज चिरकला. "मग तिच्यात उरलं काय?"

"नळी उरेल. आणि तुझी बोटं."

"डावीला हात लावायचा नाही! मी एकट्या उजवीनं मारीन."

मारलं. पहिल्या दिवशी मी पहारेकऱ्याच्या होडीत होते, कुणी चोरून शिसं आणलंय का ते बघायला. बदकं आली. ओनोफ्रेच्या पिंपातून धाड! बार लांबून काढलेला, बदकं सुखरूप. मग जन्माच्या सवयीनं बोट मागच्या चापावर गेलं. टक्. रिकामी डावी. पाण्यावर तेवढा आवाज सगळीकडे पोचतो. पुढचा थवा: धाड. टक्.

"ओनोफ्रे," शेजारच्या पिंपातून बास्तियान ओरडला, "म्हातारीची कवळी घरी राहिली का रे?"

सगळं तळं हसलं. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू? दुपारी बदक घातलेल्या भाताच्या पातेल्याभोवती सगळे बसले. ओनोफ्रेनं दुसऱ्यांनी मारलेलं बदक खाल्लं. चमचा ठेवून तो फेर्मिनाला म्हणाला, "उद्या शहरात जाऊ."

बंदूकवाल्यानं आतून कातायचं हत्यार डाव्या नळीच्या तोंडात घालून हळूहळू फिरवलं. याही वेळी मी सोबत होते. ओनोफ्रे माझा दंड धरून उभा होता; निळे वळ उमटले. राखाडी कीस चिंधीवर पडला.

"तो मला दे," ओनोफ्रे म्हणाला. चिंधीची पुरचुंडी करून त्यानं विजारीच्या खिशात ठेवली.

पुढच्या शिकारीला दोन्ही नळ्या वाजल्या. त्यानं बदकं जवळ येऊ दिली, दोन पाडली, बंदूक अखंड. दुसऱ्या दिवशी मी अभिनंदन करायला गेले तर सलून बंद. मागच्या अंगणात ओनोफ्रे गटाराची जाळी काढून पालथा पडला होता, हातात दोरीला बांधलेलं लोहचुंबक.

"हिनं विजार धुतली," तो गटारातच बोलला.

"मला काय स्वप्न पडलं होतं?" फेर्मिना ओरडली. "नवऱ्याच्या खिशात चिंधी, म्हणे जपून ठेव!"

चुंबकाला किसाची थोडी करडी दाढी फुटली होती.

"शिसं असतं तर चिकटलं नसतं," मी म्हटलं.

"तोंड बंद ठेव," ओनोफ्रे म्हणाला, "आणि बॅटरी धर."