दुधी भोपळ्याची आंघोळ

इटकाकांना इंग्रजीत प्रश्न विचारता येत नसे आणि कुणी विचारला तर उत्तरही देता येत नसे. तरीही ते आम्हा नऊ बायकांना रोज सकाळी साडेसातला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंग्रजी शिकवत. आणि झकास शिकवत.

याचं कारण त्यांच्या नोकरीत होतं. चौतीस वर्षं ते खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात, माल भरण्याच्या विभागात होते. तिथल्या सगळ्या सूचना इंग्रजीत आणि सगळ्या हुकमाच्या. पिक इट अप. होल्ड इट स्टेडी. पुट इट डाऊन. काकांचं इंग्रजी तिथे सुरू झालं आणि तिथेच थांबलं. “आमच्याकडे वस्तू हातातून पडली, तर चूक सुधारायला कुणी उरत नाही,” असं ते आम्हाला पहिल्याच दिवशी शांतपणे म्हणाले होते. वयाने ते माझ्याहून आठच वर्षांनी मोठे, पण सोसायटीने त्यांना काका ठरवलं होतं आणि येता-जाता ‘इट’ लावतात म्हणून इटकाका.

हातात वस्तू नसेल तर तोंडातून इंग्रजी काढायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. त्यामुळे वर्गाला वही-पेन नसे, पिशवी असे. झाकण, छत्री, टॉर्च, स्वेटर, एक जुना रेडिओ. टर्न इट ऑन. टर्न इट डाऊन. टर्न इट ऑफ. माझा मुलगा कॅनडात, आणि तिकडच्याच सूनबाईंसमोर ततपप होऊ नये म्हणून मी वर्गाला जाऊ लागले होते. एकदा मी घाईत ‘पिक अप इट’ म्हणाले. काकांनी छत्री माझ्या हातातून काढून घेतली.

“कुलकर्णीबाई, वस्तू मध्ये. एका बाजूला क्रियापद, दुसऱ्या बाजूला दिशा. दोन्ही हातांनी धरलं की पडत नाही.”

“मग ‘लुक आफ्टर इट’ कसं काय? तिथे तर वस्तू शेवटी आहे.” मीही पुण्याचीच.

“ते हाताचं काम नाही, बाई. आपण हाताच्या कामापुरतं बोलतोय.”

इंग्रजांविषयी त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. “आळशी लोक,” ते म्हणत. “गेट, पुट, टेक, टर्न, गिव्ह. एवढ्या पाच शब्दांवर जग चालवलं. बाकीचे शब्द परीक्षेसाठी ठेवलेत.” आम्हाला हे ऐकून इतका धीर येई की तापकीरमावशी, ज्यांचा नातू इंग्रजी शाळेत त्यांच्यावर हसायचा, त्या आठवड्याभरात त्यालाच ‘शट इट अँड ईट इट अप’ म्हणू लागल्या. पहिल्या भागात काय शट करायचं ते नातवाला बरोबर समजलं.

थंडीत एकदा सोसायटीचे अध्यक्ष फिरून परत येत होते. आम्ही नऊजणी एका सुरात ‘टेक इट ऑफ’ ओरडत स्वेटर काढत होतो. ते जागीच थांबले. घसा साफ करून काकांना म्हणाले, “अहो, हे जरा बरं दिसत नाही.”

“मग पाच मिनिटांनी या,” काका म्हणाले. “तेव्हा आम्ही घालतो.”

असा हा माणूस एका सोमवारी पिशवी घेऊन आला आणि ती उघडेचना. खूप विचारल्यावर कळलं. त्यांची मुलगी मुक्ता अमेरिकेत, तिला सातवा महिना लागलेला. तिची आई जाऊन बारा वर्षं झालेली. “बाळंतपणाला आई लागते. आई नसेल तर बाप. तिसरं कुणी मला माहीत नाही,” काका म्हणाले. पण दोन वर्षांपूर्वी मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत त्यांना काचेपलीकडून दोन प्रश्न विचारले होते आणि हे दोन्ही वेळा नुसते उभे राहिले होते. व्हिसा मिळाला नव्हता. आता तीन आठवड्यांनी पुन्हा मुलाखत होती.

“मराठी दुभाषा मागा की,” मी म्हटलं.

“नऊ बायकांना इंग्रजी शिकवतो आणि दुभाषा मागू?”

मग आम्हीच मास्तरीणबाई झालो. प्रश्न पाठ, उत्तरं पाठ. काका पोपटासारखे म्हणत आणि शब्द इकडचा तिकडे झाला की गळपटत. चौथ्या दिवशी तापकीरमावशी वैतागल्या. “पन काका, तिथं जाऊन तुमी करनार काय? तान्ह्या लेकराला न्हाऊ घालता येतं का?”

“नाही,” काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी मावशी वर्गाला घमेलं, तेल, डाळीचं पीठ आणि एक गुटगुटीत दुधी भोपळा घेऊन आल्या. मुलाखत राहिली बाजूला, आंघोळ सुरू झाली. मावशी मराठीत दाखवत आणि काका हात चालवण्याआधी त्याचा हुकूम बनवत. पिक इट अप. तेल लावलं, रब इट इन. टर्न इट ओव्हर. पीठ, वॉश इट ऑफ. “अवो, मान धरा, मान! भोपळ्याला न्हाई म्हनून काय झालं, लेकराला हाय ना!” असं मावशी ओरडल्या आणि तेलकट दुधी निसटून फरशीवर पडला, त्याचे दोन तुकडे झाले. काका पांढरेफटक पडले. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून काही पडलं नव्हतं. आम्ही मात्र इतक्या हसलो की रिक्षास्टँडवरून लोक बघायला आले.

त्यानंतर रोज नवा दुधी. पंधरा दिवस आमच्या नऊ घरांत दुधीचीच भाजी होती आणि नवरे मंडळी इंग्रजीला शिव्या देत होती. शेवटच्या आठवड्यात काकांनी ‘इट’ काढून ‘हिम’ घातलं. “आन् पोरगी झाली तर?” मावशींनी विचारलं. “हर,” काका म्हणाले. “जागा तीच.”

मुंबईला मी त्यांच्यासोबत गेले आणि बाहेर बाकावर देव आठवत बसले. अर्ध्या तासाने ते आले, गाडीत बसले आणि फाइल मांडीवर नीट आडवी ठेवली. मग खिडकीबाहेर बघत सांगू लागले. आत एक तरुण बाई होती. तिने विचारलं, सहा महिने तिथे काय करणार? पाठ केलेलं सगळं उडालं. म्हणून त्यांनी कागदांची फाइल आडवी डाव्या हातावर घेतली आणि उजव्या हाताने कामाला लागले. पिक हिम अप. होल्ड हिज हेड अप. टर्न हिम ओव्हर. ड्राय हिम ऑफ. रॅप हिम अप. पुट हिम डाऊन. आणि फाइल अलगद काचेसमोर निजवली.

“मग?”

“तिने विचारलं, रडला तर? मी फाइल परत उचलली.”

व्हिसा मिळाला होता. मी गाडीतच टाळ्या वाजवल्या आणि ड्रायव्हरने दचकून ब्रेक दाबला.

काका अमेरिकेला गेले, त्या दिवशी आम्ही नऊजणी फाटकापाशी उभ्या होतो. सहा महिन्यांसाठी गेलेल्या माणसाचं इतकं काय, असं मी घरी सगळ्यांना सांगत होते, आणि पार्किंग रिकामं दिसलं की मलाच भरून येत होतं. पुढे नात झाली. महिन्याभराने मुक्ताचा फोन आला. मागे पाणी ओतल्याचा आवाज होता.

“काकू, बाबा तिला रोज न्हाऊ घालतात, मला हात लावू देत नाहीत. पण सगळं इंग्रजीत. मी म्हटलं, बाबा, तिच्याशी मराठीत बोला ना. तर म्हणाले, बाकी सगळं मराठीत बोलेन, आंघोळ मला मराठीत येत नाही. तुला मी एकदाही घातली नव्हती.”