मंजुश्रीनं नेसलेली साडी

मंजुश्रीबद्दल आता सगळं वडगाव बोलतं, आणि जो जास्त बोलतो त्यानं तिचे ते सिनेमे जास्त बघितलेले असतात, हे मी छातीठोकपणे सांगते. मी एकही बघितला नाही. पण तिच्याबद्दल बोलायचा हक्क कुणाला असेल तर मला आहे. तिच्या घरच्या मागाला मी पंचवीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या, आणि तिला तोंडघशी पाडणाऱ्यांत मीही एक आहे.

तिचे वडील बसवंतआप्पा. घरातच दोन यंत्रमाग, भिंतीला भिंत लागून माझं घर. आप्पांच्या साडीच्या काठावर पोपटांची रांग असते. नक्षी पाडणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यात फार पूर्वी एक भोक चुकीचं पडलं, त्यामुळं दर तिसऱ्या पोपटाला चोच येत नाही. दुसऱ्या कुणी पुठ्ठा बदलला असता. आप्पा म्हणाले, "असू दे. बाजारात माझी साडी वळखू येती." आणि येतेच. शहापूरपासून निपाणीपर्यंत कुठलाही जुना साडीवाला काठ बघून सांगतो, ही बसवंतची.

मंजुश्रीला नाटकाचं वेड. कॉलेजात बक्षिसं, गणपतीत मंडळाची नाटकं. चोविसाव्या वर्षी मुंबईला गेली. दोन वर्षं मालिकांत मागं उभी राहणारी नर्स नाहीतर मागं उभी राहणारी वहिनी, एवढंच. मग मोबाइलवरच्या एका अ‍ॅपच्या सिनेमात नायिकेचं काम मिळालं. करार तीस पानांचा, इंग्रजीत. दिग्दर्शक म्हणाला, एक धाडसी प्रसंग आहे, त्यात चेहरा दिसणार नाही, आणि हे इकडं कुणी बघणारच नाही, फक्त परदेशात जातं. घरगुती प्रसंगासाठी साडी मात्र तुझीच आण म्हणाला.

शहाणीनं बाजारातली कुठली तरी न्यावी की नाही? तिनं आप्पांच्या मागावरची नेली. फोनवर मला म्हणाली, "आक्का, पहिलं मोठं काम हाय. आप्पांचीच साडी पायजे की." विणकराच्या घरात हे असंच असतं. पहिली नोकरी, पहिली परीक्षा, काहीही असो, घरच्या मागावरचं अंगाला लागल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

सिनेमा आला तो चेहऱ्यासकट आला, आणि इकडंच आला. नाव तेवढं बदललेलं, माया. तिनं जाब विचारला तर तिचीच सही तिच्यापुढं धरली. तिनं दोघांनाच सांगितलं, थोरला भाऊ रविराज आणि मी. रविराज म्हणाला, "आप्पास्नी कळू देऊ नको. मी हाय न्हवं? तुझ्या मागं मी हुबा हाय." तो शब्द तिनं गाठीला बांधला.

पुढं सात वर्षं तिनं तेच काम केलं. एकदा नाव गेलंच आहे तर निदान आपल्या अटींवर, असं तिनं ठरवलं. काय करणार, काय करणार नाही, ते आधी मराठीत लिहून घ्यायची आणि त्यावर समोरच्याची सही घ्यायची. ती थांब म्हणाली की कॅमेरा थांबायचा. डॉक्टरचा ताजा कागद दाखवल्याशिवाय कुणाबरोबर उभी राहायची नाही. नवीन बाई आली की तिच्याशेजारी बसून करार वाचून दाखवायची. मला ते काम आवडत नव्हतं आणि मी तसं तोंडावर म्हटलंही. ती म्हणाली, "आक्का, लाज फसवणाऱ्याला पायजे. मी काम नीट केलंय." रविराजला काही लाज वाटत नव्हती. त्याची लेक ऋतिका आत्याच्याच पैशावर इंजिनिअर झाली.

गेल्या वर्षी ते अ‍ॅप बंद पडलं आणि मंजुश्री कायमची घरी आली. आप्पांना नीट दिसेना झालं होतं, एक माग नुसता उभा होता. महिन्याभरात तिनं तो चालू केला. तुटलेला धागा आप्पांपेक्षा लवकर सांधायची. "आता मी कुठं जात न्हाय," म्हणायची. तिला दुसरं काही नको होतं, हे घर आणि हा माग. आप्पाही खुलले होते. लेक बऱ्याच वर्षांनी हाताशी आली होती.

मग ऋतिकाला निपाणीचं स्थळ आलं. मुलाचे काका यल्लाप्पा, साडीचे व्यापारी. पाहुणे बोलणीला आले त्या दुपारी रविराज बहिणीला म्हणाला, "तू आतच थांब. चहाचं बघ." ती बरं म्हणाली. पाहुण्यांसमोर आपली माणसं कमी पडू नयेत म्हणून मी बाहेर बसले होते.

सगळं गोडीत चाललेलं. एवढ्यात यल्लाप्पांनी मोबाइल काढला. "वंगाळ काय दावत न्हाय, नुसतं पोस्टर हाय. आमच्या पोरांनी आणून दाखवलं." पोरांनी म्हणे. पोस्टरवर लांब केसांची, अर्धी पाठमोरी बाई, अंगावर साडी. "चेहरा कळंना, पण हा काठ मी चाळीस वर्सं बघतोय. ही बाई तुमची कोण?"

"आमची कुणी न्हाय," रविराज फटकन म्हणाला. "साडी पण आमची न्हाय." मागं हुबा असणारा हाच तो भाऊ. त्यानं कानावर हात ठेवले ते ठेवलेच.

"तू थांब रं. मागवाल्याला विचारतोय मी."

आप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. त्यांना तोवर काहीच माहीत नव्हतं. बोट काठावरून सरकत तिसऱ्या पोपटावर आलं आणि तिथंच थांबलं. त्यांना कळलं, साडीही कळली आणि बाईही कळली, मी त्यांचं तोंड बघत होते. आतल्या दाराशी मंजुश्री चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिलाही दिसत होतं.

"माझा काठ न्हाय हा," आप्पा म्हणाले. "कुणीतरी नक्कल केलीया."

सबंध जन्मात त्या माणसानं स्वतःची साडी नाकारली नव्हती. फाटकी परत आली तरी माझीच म्हणून घ्यायचे.

यल्लाप्पा माझ्याकडं वळले. "अक्काताई, कांड्या तुम्ही भरलाय. तुम्ही सांगा."

दोन घरं जुळत होती. ऋतिका खाली मान घालून बसली होती. माझी भाकरी आप्पांच्या मागावर होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही चालण्यासारखं नाही. मी म्हटलं, "ह्यांचा न्हाय."

यल्लाप्पांचं समाधान झालं. साखर वाटली. चहा रविराजच्या बायकोनं आणला.

पाहुणे गेल्यावर रविराज म्हणाला, "लग्न हुईस्तोवर तरी तू हितं दिसू नको." मंजुश्रीनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती आप्पांसमोर जाऊन बसली.

"आप्पा, तिकडं माझं नाव बदललं. ती परकी माणसं होती. साडी मात्र मी तुमचीच नेसलेली."

आप्पा मागाकडं बघत राहिले. त्या घरात त्या वेळी एकानं जरी तिला पोटाशी धरलं असतं तर ती राहिली असती, लग्नापुरती लपूनसुद्धा राहिली असती. कुणी उठलं नाही.

सकाळी तिला सोडायला मी एकटी बसस्टँडवर गेले. पुण्याची गाडी लागली होती. बॅग वर टाकून ती खाली आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"आक्का, हितं तर पाव्हणं न्हाईत. आता तरी सांगा. काठ कुणाचा?"

मी सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. पण तोंड उघडण्याआधी मी मागं वळून बघितलं, आमच्या गल्लीतलं कुणी आसपास उभं आहे का म्हणून. परत वळले तेव्हा ती गाडीत चढली होती.