चौथ्या फेरीची नोंद

बाबुराव ओव्हाळांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि पगारही त्यांना त्याचाच मिळत होता. हडपसरच्या एका आयटी कंपनीच्या गेटवर ते सात वर्षं उभे होते. कोणीही येवो, आधी कार्ड, मग रजिस्टरमध्ये नोंद, मगच दांडा वर. एकदा कंपनीचे सर्वांत मोठे साहेब कार्ड विसरून आले, तर त्यांनाही बाबुरावांनी उन्हात वीस मिनिटं उभं केलं होतं. साहेबांनी नंतर पाठ थोपटली. ती का थोपटली असावी, याचा संशय बाबुरावांना पुढे दोन महिने होता.

अशा माणसाच्या हातात जुलै महिन्यात एक कागद पडला. पन्नाशीपुढच्या सगळ्या रखवालदारांनी इमारतीभोवती चार फेऱ्या दहा मिनिटांत पळून दाखवायच्या, नाहीतर पुढच्या महिन्यापासून सिक्युरिटी एजन्सीकडे दुसरा माणूस तयार आहे. बाबुराव बावन्न वर्षांचे. कागद आणून दिला सुपरवायझर सर्जेरावांनी, आणि तिथेच बाबुरावांच्या डोक्यात घंटा वाजली. सर्जेराव शेजारच्या मांजरी गावचे. त्यांच्या भावकीत रिकामी पोरं ढिगानं. दुसरा माणूस म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

खरं तर बाबुराव एकेकाळी पळायचे. पूर्वीच्या कारखान्यात खातेनिहाय शर्यती व्हायच्या, त्यात सलग तीन वर्षं त्यांनी स्टीलचा डबा जिंकला होता. पण कारखान्याला टाळं लागलं त्याला आता आठ वर्षं झाली होती. त्यानंतर ते धावले ते फक्त बससाठी. मुलीच्या, निकिताच्या, कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी होतं, आणि बावन्नाव्या वर्षी नवी नोकरी देणारा माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माळ्यावरून कॅनव्हासचे बूट काढले. बाहेर वारा असा होता, की पाऊस खिडकीतून आडवाच आत येत होता.

"कुठं निघालात?" ललिताबाईंनी विचारलं.

"पळायला."

"या पावसात?"

"हो."

"आठ वर्षांत कधी आठवण झाली नाही ती." ललिताबाईंनी नवऱ्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "कोणाला भेटायचं असेल तर छत्री घेऊन जा. समोरच्याची तरी सोय होईल."

कॅनॉलच्या रस्त्यावर पहिल्या दोनशे पावलांतच बाबुरावांच्या पोटऱ्यांनी बंड पुकारलं. बुटांत पाणी, चष्म्यावर पाणी, छातीत भाता. एवढ्यात मागून आणखी एका माणसाची पावलं ऐकू आली. ते थांबले, पावलंही थांबली. वळून पाहिलं, तर प्लास्टिकच्या रेनकोटात सर्जेराव.

"तुम्ही हितं काय करताय?" सर्जेरावांनी धापा टाकत विचारलं.

"मी इथलाच आहे. तुम्ही मांजरीहून इकडे कसे?"

"पळायला. मला बी पन्नास पुरी झाल्यात की. त्यो कागद मला बी लागू हाय."

बाबुरावांनी मान डोलावली आणि त्यातलं एक अक्षरही खरं मानलं नाही. सुपरवायझरला कोण काढतंय? हा आपला दम मोजायला आला होता. त्यानंतर तीन आठवडे दोघं रोज त्याच रस्त्यावर पळत राहिले, मध्ये पन्नास पावलांचं अंतर ठेवून. चार फेऱ्यांएवढ्या अंतराला बाबुरावांची वेळ साडेदहा मिनिटांच्या खाली काही येईना.

परीक्षेच्या सकाळीही पाऊस धो धो कोसळत होता. एजन्सीचे साहेब फोनवरूनच म्हणाले, एकमेकांच्या फेऱ्या मोजा, सह्या करा, संध्याकाळी सहापर्यंत कागद पाठवा. आधी सर्जेराव पळाले. बाबुराव मुद्दाम इमारतीच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले, हा कोपरा कापतो की काय ते पाहायला. सर्जेरावांनी कोपरा कापला नाही. नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

मग बाबुराव सुटले, आणि कारखान्यातल्या दिवसांसारखे सुटले. हीच चूक झाली. दुसऱ्या फेरीला पाय जड झाले, पुढे डोळ्यांपुढे अंधारी आली, कितवी फेरी तेही कळेना. गेटपाशी सर्जेरावांनी हात आडवा केला.

"बस. झालं. आठ मिनिटं. पास."

बाबुराव केबिनमध्ये जाऊन बसले. ललिताला फोन करावासा वाटला, पण केला नाही. आठ मिनिटं? साडेदहाचा माणूस एका रात्रीत आठवर येतो? दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असं झालं असतं, तर त्यांनी त्याला गेटवरच बसवून ठेवलं असतं.

दुपारी त्यांनी रजिस्टर उघडलं. सकाळी गेटवर दुसरा रखवालदार भैरू होता, आणि भैरूला बाबुरावांनीच घोटून घोटून शिकवलं होतं, की गेटातून आत येणारा प्रत्येक जण लिहायचा, मग तो देव का असेना. प्रत्येक फेरी गेटातच संपत होती. भैरूने इमानाने लिहिलं होतं. सर्जेराव, चार वेळा. बाबुराव ओव्हाळ, तीन वेळा.

ते रजिस्टर घेऊन सर्जेरावांसमोर उभे राहिले.

"तीनच झाल्यात."

सर्जेरावांनी पान पाहिलं आणि तोंड फिरवलं. "त्या भैरूला काय कळतंय?"

"त्याला मी शिकवलंय. तुम्ही असं का केलंत?"

सर्जेरावांनी रजिस्टर मिटलं. "पांढरंफटक पडला हुता तुम्ही. चौथीला आडवं झाला असता. अन् नापास झाला असता, तर ह्या गेटवर मला बी कार्ड मागणारा माणूस कुठनं आणू?"

बाबुरावांनी रजिस्टर काखेत मारलं. तीन आठवडे या माणसाला त्यांनी मनात नाही नाही ते ठरवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, साधी आणि सरळ.

"पुन्हा पळतो," ते म्हणाले. "चारही."

"अन् न्हाई जमलं तर?"

"जे होईल ते लिहायचं."

पाच वाजता ते पुन्हा पावसात उतरले. या वेळी सावकाश सुटले, एका चालीने, कोणाला काही दाखवायचं नसल्यासारखे. सर्जेराव दर फेरीला मोठ्यानं आकडा सांगत होते. एक. दोन. तीन. केबिनच्या दारात भैरू पेन घेऊन उभा होता. चौथ्या फेरीला बाबुराव गेटात आले आणि दांड्याला धरून वाकले.

"नऊ छपन्न," सर्जेराव म्हणाले आणि मनगट पुढे केलं. "घ्या, बघा."

बाबुरावांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. भैरूचं रजिस्टरही मागितलं नाही. सर्जेरावांनी नऊ छपन्न लिहिलेल्या कागदावर त्यांनी न वाचताच सही केली.