तहान मारणारी रखमा
गिरणी संपाला चौथा महिना लागला तशी रखमा काळाचौकीच्या बाजारात भाजी घेऊन बसू लागली. नवरा धोंडू गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचा; आता तो गेटवरच्या सभांना जायचा आणि रिकाम्या हातानं घरी यायचा. रखमा पहाटे भायखळ्याहून भाजीची पाटी आणायची, सातला बसायची ती दिवेलागणीलाच उठायची. तेवढ्या वेळात पाण्याचा घोट म्हणून घ्यायची नाही.

याचं कारण उघड बोलायची सोय नव्हती. बाजारामागची बायकांची मुतारी एका कांदेवाल्या व्यापाऱ्यानं कुलूप घालून पोत्यांनी भरली होती. पुरुष भिंतीआड उरकत. बायांनी तहानच मारायची. फारच घसा सुकला की रखमा चिमूटभर तंबाखूची मिश्री दाढेला लावायची.

मे महिन्यात जीभ टाळूला चिकटू लागली. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. एका मंगळवारी खालची दाढ ठणकली. तिनं लवंग दाबली. बुधवारी गाल सुजला. गुरुवारी दुपारी शेजारच्या गुणवंती कोळणीनं हाक मारली, तर रखमाला तोंडच उघडेना. सूज गळ्यापर्यंत उतरलेली, थुंकी गिळवेना, श्वास घरघरतोय.

"रखमा, बोल ना गो!"

गुणवंतीनं मासळी तशीच टाकली आणि तिला टॅक्सीत कोंबून इस्पितळ गाठलं. डॉक्टरांनी हनुवटीखाली चीर देऊन पू काढला, डावीकडच्या दोन दाढा काढल्या. धोंडू धावत पोचला तेव्हा ते म्हणाले, "तासभर उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता."

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?"

रखमानं नकाराची मान हलवली.

"अहो, लाळ दात राखते. एवढ्या उन्हात पाणी नाही, तर लाळ कुठनं सुटणार? वर मिश्री. दर तासाला पाणी प्या, चूळ भरा."

"पिईन बाई. पण मग जाऊ कुठं?"

बाईंचं पेन कागदावर थांबलं.

घरी धोंडू म्हणाला, "आता नको बसूस बाजारात."

"तुम्ही संप सोडता?"

धोंडूनं सभेला जायला चपला पायांत सरकवल्या.

"मग मीबी पाटी सोडत नाही."

आठवडाभरानं, सोमवारी गळ्याला पट्टी बांधलेली रखमा, गुणवंती आणि आणखी नऊ बाया व्यापाऱ्यापुढं उभ्या राहिल्या.

"कुलूप काढा."

"आणि पोती काय तुझ्या डोक्यावर ठेवू?" त्यानं दोन हमालांना खूण केली.

गुणवंतीचा हात कोयत्याकडं गेला. रखमानं तो दाबून धरला, तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि कुलपावर घातलं. दुसऱ्या घावाला एका हमालानं तिचं मनगट पकडलं. हमालानं तिच्याकडं नीट पाहिलं.

"धोंडूची बायको ना तू? मी गिरणीत त्याच्याच खात्यात होतो."

त्यानं मनगट सोडलं. "मार."

चौथ्या घावाला कुलूप तुटलं.

संध्याकाळी हवालदार येऊन नावं लिहून गेला. पुढं काही झालं नाही. पोती दुसऱ्या दिवशी हलली. बाया आळीपाळीनं मुतारी धूत, आणि दुपारी मडक्यातलं पाणी सगळ्यांत फिरे.

धोंडूची गिरणी पुन्हा उघडली नाही. तो वॉचमन झाला. रखमा त्याच जागी अठरा वर्षं बसली. मिश्री दोनदा सोडली, दोनदा धरली, तिसऱ्यांदा कायमची सुटली. साठीतही ती उजव्या बाजूनं ऊस दातांनी सोलून खायची.