चांदनीच्या जागी लाल गाडी

खाजा मामूंचा आवाज काढणं सगळ्यात सोपं. जीभ टाळूला चिकटवायची आणि सोडायची. टक्. पुन्हा टक्. मग नाकातून म्हणायचं, "चल बेटा, आराम से." आमच्या डोंगरकडा गावातल्या कोणत्याही लेकराला हे येतं. अडचण एवढीच की या आवाजाला त्यांची घोडीही फसायची. गोठ्यात ती कान टवकारायची, खुंट्याभोवती फिरायची, आणि मग मामू हातात चप्पल घेऊन गल्लीत यायचे. "कौन है रे वो? घोडी को परेशान करतंय?" तोवर गल्ली रिकामी.

घोडीचं नाव चांदनी. पांढरीशुभ्र, नाकावर तेवढा गुलाबी ठिपका. लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारोतीच्या पाया पडायला नेतात, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात, आणि परण्यात नवरदेवाचा पाय जमिनीला लागू देत नाहीत. आजूबाजूच्या गावांतले अर्धे नवरदेव चांदनीच्या पाठीवरून मारोतीला गेलेले. ती नुसती न्यायची नाही, नाचायची. डीजेवर घोडीची चाल वाजली की पुढचा एक पाय वर, मग दुसरा, मान खाली-वर, गळ्यातल्या निळ्या मण्यांचा खळखळाट. बाज टाकली तर बाजेवर चढून नाचायची. लोक ओवाळून टाकायचे.

नाचून नाचूनच तिचा डावा गुडघा गेला. सुजून नारळाएवढा झाला. जनावरांचे डॉक्टर आले. हे डॉक्टर प्रत्येक वाक्य घड्याळाकडं बघत बोलतात. त्यांनी गुडघा दाबला, घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "चालू द्या, चरू द्या. नाचवली तर बसेल. बसली तर उठणार नाही. बरं, येतो मी."

त्या दिवशी मामूंनी खोगीर माळ्यावर टाकलं. खतीजाबी, म्हणजे मामी, चुलीपुढं बसून म्हणाल्या, "अब खाना क्या? खोगीर?"

दुसरी घोडी घ्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं. मामू ऐकेनात. "चांदनी के सामने दूसरी कू सजाऊं? दाना छोड देगी वो." शिवाय नवरदेवांनाही आता घोडी नको झाली होती. त्यांना उघड्या टपाची गाडी पाहिजे, म्हणजे ड्रोनमधून फेटा दिसतो. मग मामूंनी मामींचे झुमके विकले, होतं नव्हतं ते काढलं आणि हैदराबादला जाऊन एक जुनी, लाल, बुटकी, दोन शिटांची रेसची गाडी घेऊन आले. बटण दाबलं की कापडी टप मागं दुमडून डिकीवर बसायचा. हिशोब साधा होता, आणि तो मामूंनी चौकात सगळ्यांसमोर सांगितला, "ये चलेगी, तो चांदनी खडी रहेगी."

गाडी चालली तर घोडी उभी राहील. नाही चालली तर खोगीर पुन्हा खाली येईल. गावाला हे पाठ झालं.

आता जुनी उघड्या टपाची गाडी पहिल्यांदा घेणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला डोंगरकड्यासारखं गाव नाही. त्याआधी अशी गाडी कोणी हात लावून पाहिली नव्हती, त्यामुळं सगळ्यांनाच सगळं माहीत होतं.

नर्मदाबाई पदर खोचून आल्या. "खाजामिया, करवली कुठं बसवता? दोनच शिटा हायेत की! नवरदेवाच्या मांडीवर बसवता का?"

केळीचा व्यापारी म्हणाला, "लाल रंग तापतो. पांढरा मारून घ्या."

एकानं विचारलं, "पाऊस आला तं?" दुसरा म्हणाला, "तं नवरदेवाची आंघोळ राहिली असंल ती होईल."

खरा सल्ला दिला तो अमरसिंग मिस्त्रीनं. त्याचा आवाज काढायचा तर तोंडात सुपारी धरावी आणि दर वाक्याआधी म्हणावं, "माझं ऐका, मंग करा तुमच्या मनानं." त्यानं गाडीखाली सरपटत जाऊन पाहिलं, टपाची शिवण बोटानं तपासली आणि कपडे झटकत उठला.

"माझं ऐका, मंग करा तुमच्या मनानं. ही गाडी वाऱ्यावर सोडायची हाय. वरातीत चालवायची न्हाई."

"वरातीसाठीच घेतली ना, अमरसिंग."

"माझं ऐका. मंग निदान डिकीवर कोणाला बसू देऊ नका, टपाचे दांडे वाकतात. गतिरोधक आला की तिरपी काढा, पोट घासतं. टप ओला असंल तं दुमडू नका, सडतो. आन् सगळ्यात मोठी गोष्ट. क्लचवर पाय ठिवून चालू नका. दाबला तं पुरा दाबा, सोडला तं पुरा सोडा. अर्धा दाबून ठिवला की आतली प्लेट घासून घासून जळती. हिची प्लेट आधीच अर्धी गेली. नवी हैदराबादहून मागवावी लागंल."

"हौ, हौ," मामू म्हणाले. "समज्या."

समजले नव्हते. म्हणजे कानाला समजलं, पायाला नाही. जन्मभर त्यांनी लगाम धरलेला. लगाम पुरा सोडला की जनावर बिथरतं, पुरा ओढला की अडतं. हातात कायम थोडा ताण ठेवायचा, म्हणजे घोडीला कळतं की मालक आहे. मामूंनी लगाम धरला तसा क्लच धरला. पाय कायम त्याच्यावर, हलकासा, प्रेमानं. गाडी सुरू करताना टक् टक् करायचे. चांदनीच्या गळ्यातले निळे मणी काढून त्यांनी आरशाला बांधले होते. चौक आला की गाडी थांबवून बोनटवर हात फिरवायचे. अमरसिंगनं एकदा खिडकीतून पाहिलं आणि ओरडला, "मामू, पाय!" मामूंनी पाय उचलला. अमरसिंग वळला तसा पाय परत जागेवर.

सुरुवातीची लग्नं पार पडली. चांदनी गोठ्यात उभी राहून कडबा खात होती आणि गुडघ्याची सूज जरा उतरली होती. मामी झुमक्यांचं बोलायच्या बंद झाल्या.

मग शिरड शहापूरचं वऱ्हाड आलं. नवरदेव माऊली, बिचारा गरीब गाय, आणि त्याचे चुलते सटवाजीराव. सटवाजीराव म्हणजे घशात भाकरीचा तुकडा अडकल्यासारखा आवाज आणि दर वाक्यात आपलं गाव. "आमच्या शिरडला असं नसतं!" मांडवात पंखा कमी पडला, आमच्या शिरडला असं नसतं. चहा गोड झाला, आमच्या शिरडला असं नसतं. वैशाखातलं ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि परण्या निघाला भर दुपारी, कारण नवरदेवाच्या मित्रांचा ड्रोनवाला उशिरा आला.

पुढं मुन्नाचा डीजे, पिकअपवर भिंतीएवढे भोंगे. मधे नाचणारी पोरं. मागं लाल गाडी, गाडीत मामू आणि माऊली. गाडी गोगलगायीसारखी. दोन हात पुढं, थांब. दोन हात पुढं, थांब. नवरदेवाचे चुलतभाऊ डिकीवर चढून बसले.

"बेटा, उतरो, दांडे वाकते."

"मामू, फक्त एक रील!"

एकाची रील झाली की दुसऱ्याची. तशीच गाडी मारोतीच्या चढणीला लागली. चढणीवर नाच थांबला की थांबायचं, आणि थांबलेली गाडी मागं जाऊ नये म्हणून मामू ब्रेकवर नव्हते, क्लचवर होते. अर्ध्या. चांदनीला चढणीवर असंच तोलून धरायचे.

आधी वास आला. जळक्या केसांसारखा. मग गाडीखालून पांढरा धूर निघाला. पोरांना वाटलं, डीजेवाल्यानं धुराची मशीन आणली. शिट्ट्या सुरू! "आऊर धूर! आऊर धूर!" चुलतभाऊ धुरात हात पसरून नाचले. मामू गाडीत बसून काहीतरी ओरडत होते. त्यांचं तोंड हलत होतं, एवढंच दिसत होतं.

मग इंजिन भुंकलं आणि चाकं जागची हलली नाहीत. पुन्हा भुंकलं. नाहीच. मामूंनी हँडब्रेक ओढला, खाली उतरले आणि बोनटवर हात ठेवला. हात लगेच उचलला.

सटवाजीराव घाम पुसत आले. "काय झालं? काहून थांबलात?"

"प्लेट जल गई, साहब. नहीं चलती अब."

"न्हाई चलती म्हंजे? आमच्या शिरडला असं नसतं! नवरदेव काय पायी जातो मारोतीला? सोयरे हसतील!"

"धक्का मारते," मामू म्हणाले.

"धक्का मारलेल्या गाडीत नवरदेव? ड्रोन चालू हाय वरती!"

कोणीतरी म्हणालं, आणि कोण म्हणालं ते आजही गावात कोणी कबूल करत नाही, "मामूच्या घरी घोडी हाय की."

मामूंनी मान हलवली. "वो लंगडी है. डॉक्टर ने मना किया. नाचली तो मर जाएगी."

"नाचवायचं कोणी म्हणलं?" सटवाजीराव एकदम मऊ झाले. "ही चढण तेवढी, मामू. चार पावलं. पाया पडायचं आन् परत. डीजे बंद ठेवतो. मारोतीची आण."

मामूंच्या बापानं त्यांना एक गोष्ट शिकवली होती, आणि ती ते दारू प्यालेल्या नवरदेवालाही सांगायचे. दूल्हा बीच रस्ते में नहीं उतारते. सुपारी घेतली म्हणजे मांडवापर्यंत. त्यांनी गाडीतल्या माऊलीकडं पाहिलं. फेट्याखालून घाम गळत होता आणि तो मान खाली घालून बसला होता. मामू घराकडं निघाले.

मामी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. बातमी मामूंच्या आधी पोचली होती.

"बाजे के बिना जाएगी," मामू म्हणाले. "सिर्फ चलना है. सटवाजीराव ने कसम खाई."

"ले जाव." मामी बाजूला झाल्या. "मगर मेरेकू ये मत बोलना कि वो खुद गई."

मामूंनी आरशाचे मणी सोडून आणले होते, ते तिच्या गळ्यात बांधले. खोगीर माळ्यावरून काढलं नाही, नुसती झूल टाकली. टक्. टक्. चांदनी निघाली. लंगडत, पण निघाली.

सटवाजीरावांनी शब्द पाळला, हे खरं. मुन्नाला हात करून डीजे बंद केला. काहून बंद केला, ते मात्र त्याला कोणी सांगितलं नाही. माऊली घोडीवर बसला, एकदम हलका बसला, जणू त्यालाच दुखतंय. चढणीवर टापांचा आवाज तेवढा येत होता, तोही एक पाय उशिरा पडणारा. मामू तिच्या कानाशी बोलत होते. "आराम से, बेटा. कुछ नहीं. आराम से." मारोती आला. माऊली पारावर उतरला, पाया पडला, नारळ फुटला. लोकांनी श्वास सोडला. सटवाजीराव म्हणाले, "झालं की! उगीच घाबरता, मामू."

माऊली परत बसला. कोणीतरी फटाक्याची लड लावली. लड वाजली म्हणजे परण्या परत निघाला, आणि परण्या परत निघाला म्हणजे डीजे. मुन्नानं पिकअपवरून पाहिलं, पुढं पांढरी घोडी, वर नवरदेव, आणि त्याचा हात सवयीनं गेला तिथं गेला. घोडीची चाल लागली.

मामू ओरडले, "बंद कर!" तोंड हललेलं दिसलं, एवढंच.

चांदनीनं कान टवकारले. मग मान वर केली. आणि उजवा पाय उचलला.

मामूंनी लगाम ओढला. दोन्ही हातांनी ओढला. तिनं मान खाली-वर केली, मणी खळखळले आणि सगळ्या अंगाचा भार डाव्या पायावर टाकून ती नाचली. जन्मभर या चालीवर तिनं हेच केलं होतं. पोरांनी गोल केला, सगळ्यांचे मोबाईल वर. "एऽऽ चांदनी!" मामू लगामाला लोंबकळत होते, आणि बघणाऱ्यांना वाटलं, तेही नाचतायत.

डावा गुडघा आतल्या बाजूला वाकला. आवाज आला असेल तर डीजेत बुडाला. माऊली पारावर पडला, त्याला खरचटलं. चांदनी खाली बसली आणि पुन्हा उठायला गेली, कारण चाल अजून चालू होती. दोनदा उठायला गेली. मग मुन्नाला कळलं आणि त्यानं वायरच उपटली.

तेवढ्या शांततेत मामूंचा टक् टक् ऐकू आला. ते तिला उठवत नव्हते. तिच्या मानेवर हात ठेवून हळू हळू करत होते, "आराम से, आराम से." तिचा कान हलला.

डॉक्टर आले. या वेळी त्यांनी घड्याळाकडं बघितलं नाही. शेवटची सुई दिली. नवरदेव मांडवापर्यंत चालत गेला आणि कोणीही हसलं नाही. सटवाजीराव मामूंच्या शेजारी बराच वेळ उभे राहिले, त्यांनी दोनदा तोंड उघडलं, आणि त्यांचं गाव काही तोंडातून निघालं नाही.

गाडी चढणीवरून धक्का मारून आणली आणि गोठ्यात लावली, कारण गोठा रिकामा होता. नवी प्लेट कधी मागवलीच नाही.

परवा कनेरगाव नाक्याहून एक ढाबेवाला गाडी बघायला आला. ढाब्यापुढं उभी करायची, लोक फोटो काढतील, जमलं तर लग्नंही करू, म्हणाला. पहिलीच अशी गाडी घेतोय, काही सांगा. मामूंनी सगळं सांगितलं. शिवण बघ. टप ओला दुमडू नको. डिकीवर कोणाला बसू देऊ नको. प्लेट नवी टाक, आणि क्लचवर पाय ठेवू नको, दाबला तर पुरा, सोडला तर पुरा. अगदी अमरसिंगच्या आवाजात सांगितलं, सुपारीसकट. ढाबेवाला हसला.

"आऊर एक," मामू म्हणाले. "गाने कितने भी बजाव. इसकू सुनाई नहीं देता."

"म्हंजे?" ढाबेवाल्यानं विचारलं.

मामूंनी ते ऐकलं नाही. ते बोनट उघडत होते. झाकण अडलं, तशी त्यांची जीभ सवयीनं टाळूला लागली, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.